बत्त्याखालचा आवाज

‘ठेव.’

बाई एवढंच म्हणायच्या. डाव्या हाताची थाप टेबलावर पडायची आणि उजवा हात खुर्चीखाली जायचा. तिथे लोखंडी बत्ता असायचा, मेसच्या खलबत्त्यातला. पोरीनं फोन टेबलावर ठेवला की बत्ता वर जायचा आणि दाणकन खाली यायचा. काचा उडायच्या. पोरगी हुंदके द्यायला लागायची. बाई पदरानं टेबल झटकत म्हणायच्या, ‘बापाला सांग, बाईंनी फोडला. या म्हणावं भांडायला.’

भांडायला कोणाचाच बाप आला नाही. जे आले ते हात जोडून परत गेले.

तुम्ही लातूरला आला असाल तर क्लासच्या गल्ल्या पाहिल्या असतील. खाली झेरॉक्स आणि मेस, वर हॉस्टेल, आणि गॅलऱ्यांतून वाळत घातलेले टॉवेल. डॉक्टर व्हायला आलेली अख्ख्या मराठवाड्याची लेकरं तिथे कोंबलेली असतात. अशाच एका मुलींच्या हॉस्टेलसमोर माझं दुकान आहे. अब्बा त्यात घड्याळं दुरुस्त करायचे, मी मोबाईल करतो. बाई त्या हॉस्टेलच्या रेक्टर होत्या, आणि हॉस्टेलात फोनला बंदी होती. बत्ता खाल्लेला फोन काही दुरुस्त होत नाही, तरी पोरी त्याचे तुकडे ओढणीत बांधून माझ्याकडे आणायच्या. ‘भाई, निदान फोटो तरी निघतील का हो?’ मी प्रयत्न करायचो. बाई समोरच्या फाटकातून हे सगळं बघायच्या.

बाईंचा फोनवर एवढा राग का, याच्या गल्लीत चार कहाण्या होत्या. कोणी म्हणे सख्खी भाची फोनच्या नादी लागून घर सोडून गेली, कोणी म्हणे आणखी काही. मी कधी विचारलं नाही. हाताशी बत्ता असलेल्या माणसाला असलं काही विचारू नये.

एकदा दोन टगे मोटारसायकलवरून फाटकापुढे घिरट्या घालत होते. बाई बत्ता घेऊन बाहेर आल्या. आधी गाडीचा दिवा फुटला, मग दोन्ही आरसे, आणि शेवटचा टोला मागे बसलेल्याच्या नडगीवर बसला. तो लंगडत पळाला. चालवणारा गाडीसकट नालीत गेला, आणि बाईंनी नालीत उतरून त्याच्या दोन मुस्कटात दिल्या. हवालदार आला, म्हणाला, ‘बाई, कायदा हातात घेता येत नसतो.’

‘कायदा कुठं घेतला? बत्ता घेतला,’ बाई म्हणाल्या. हवालदार माझ्या दुकानात चहा पिऊन निघून गेला.

याच बाईंना मी तापानं फणफणलेल्या पोरीला तिसऱ्या मजल्यावरून पाठुंगळी घेऊन उतरताना पाहिलं आहे. जिना उतरता उतरता शिव्या चालू होत्या. ‘पाणी उकळून पी म्हणलं व्हतं का न्हाई, भवाने? आता मर माझ्या पाठीवर.’ पोरगी त्यांच्या खांद्यावर ओकली. बाईंनी रिक्षात तिला मांडीवर आडवं घेतलं आणि शिव्या देतच दवाखान्यात नेलं.

आता त्या सकाळचं सांगतो. हॉस्टेलच्या ऑफिसातला सूचना देण्याचा भोंगा बंद पडला होता, म्हणून मी स्टुलावर चढून वायर तपासत होतो. बाईंनी रेणुकाला बोलावून घेतलं होतं. रेणुका इस्लापूरकडची, काटक, कमी बोलणारी पोरगी. तिचे वडील किनवट ते माहूर जीप चालवायचे. आदल्या उन्हाळ्यात माहूरच्या घाटात जीप उलटून ते गेले. हे बाईंनाही ठाऊक होतं.

‘ठेव.’

रेणुकानं फोन छातीशी धरला. ‘बाई, ह्यात सिम न्हाई. कोणाशी बोलत न्हाई मी. बाबाचा आवाज हाय फक्त.’

‘समद्या असंच म्हणतात. कोणाची आजी असती फोनात, कोणाचा बाप.’

‘एकदा ऐकून तर बघा.’

‘ठेव म्हणलं ना!’

बाईंनी तिचं मनगट पिरगाळलं. फोन टेबलावर पडला आणि त्यावर पहिला घाव बसला. रेणुका किंचाळली, तिनं मध्ये हात घातला. बाईंनी तो झटकून टाकला आणि दुसरा घाव घातला, तिसरा घातला. एरवी त्या एकातच थांबायच्या. त्या दिवशी हट्टाला हट्ट भिडला होता. सागवानी टेबलात खळगा पडला.

मग बाईंनी बत्ता बाजूला टेकवला आणि पदरानं काचा झटकायला त्या वाकल्या. रेणुकानं दोन्ही हातांनी तो बत्ता उचलला आणि बाईंच्या खांद्यावर हाणला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. दुसरा घाव कानाच्या वर बसला. रक्त टेबलावर उडालं, माझ्या स्टुलापर्यंत आलं. ‘मारून टाकीन,’ ती ओरडत होती, ‘जीव घेईन तुमचा!’ मी उडी मारून बत्ता धरला तेव्हा तो तिसऱ्यांदा वर गेलेला होता. तेवढीशी पोरगी, पण बत्ता तिच्या मुठीतून सोडवताना मला घाम फुटला.

बाई जमिनीवर बसल्या होत्या. अर्धा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, ‘भाई, दार लाव. पोरी बघून राहिल्या.’

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, जिन्यावरून पडले. हॉस्टेलच्या मालकाला तेच सांगितलं आणि माझ्याकडे असे डोळे वटारून पाहिलं की मीही मान डोलावली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, डोक्याला टाके पडले होते. रेणुका त्याच दुपारी पिशवी उचलून गावी निघून गेली. परीक्षा तोंडावर आली होती.

थोड्या दिवसांनी बाई माझ्या दुकानात आल्या. उजवा हात झोळीत, डोक्याला पट्टी. डाव्या हातानं त्यांनी रुमाल काउंटरवर ठेवून उलगडला. आत फोनचे तुकडे होते.

‘आवाज काढ ह्यातनं.’

‘बाई, याचा तर भुगा झालाय.’

‘मग भुग्यातनं काढ.’

मी चिमट्यानं एकेक तुकडा बाजूला केला. तळाशी नखाएवढं मेमरी कार्ड सापडलं, एका कोपऱ्याला जरासं वाकलेलं. मी ते कॉम्प्युटरला लावलं, आणि दुकानात एक माणूस ओरडायला लागला. ‘चला किनवट, किनवट! माहूर, माहूर, माहूर! बसा मावशी. ओ पाव्हणं, सरका की जरा, बाईमाणूस हाय.’ इंजिन घुरघुरत होतं, कोंबड्या ओरडत होत्या, आणि शेवटी आवाज एकदम जवळ आला. ‘ए रेणे, काय करून राहिलीस? ठेव तो फोन. अभ्यासाला बस.’

तो हसला आणि रेकॉर्डिंग संपलं.

‘पुन्हा लाव,’ बाई म्हणाल्या. मी लावलं. ‘ठेव तो फोन’ आलं तसं त्यांनी तोंडात पदर कोंबला. ज्या बाईंनी हाड बसवताना डॉक्टरला शिव्या घातल्या होत्या, त्या माझ्या स्टुलावर बसून रडत होत्या. मी मान खाली घालून स्क्रूंचा डबा चाळत राहिलो.

डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘फोन नको. हॉस्टेलात फोन चालत न्हाई. नुसता आवाज वाजंल असं काय तरी दाव.’

‘एमपीथ्री प्लेयर आहेत.’

‘सिम बसतं?’

‘नाही.’

‘नेट?’

‘नाही.’

‘चित्रं दिसतात?’

‘यात दिसतात.’

‘मग उचल ते.’

दुसरा चिमटीएवढा होता, कानात वायर घालून ऐकायचा. तो त्यांनी तळहातावर घेऊन पाहिला. ‘ही काय केसाची पिन हाय का? नहाणीत हरवंल.’ शेवटी एक गुळगुळीत, निळा प्लेयर पसंत पडला. मी त्यात आवाज भरून दिला. आता घेऊन जातील असं मला वाटलं. बाईंनी काउंटरवर थाप मारली.

‘ठेव.’

मी ठेवला. पिशवीतून बत्ता निघाला आणि डाव्या हातानं त्यांनी असा हाणला की प्लेयरचा चुराडा झाला आणि माझ्या काउंटरची काच आरपार तडकली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

‘दुसरा.’

‘बाई, हे आपटायचं यंत्र नाही हो!’

‘दुसरा दाव म्हणलं ना.’

दुसऱ्याचेही तुकडे झाले. एक तुकडा माझ्या गालाला लागून रक्त आलं. मग मी आतून जाड रबरी कवचाचा एक ठोकळा प्लेयर आणला आणि त्यात तोच आवाज भरला. बांधकामावरचे मिस्त्री असला नेतात, वीटभर जाड, पुढे लोखंडी जाळी. बाईंनी तो पालथा घालून हाणला, उताणा घालून हाणला. बत्ता उसळून परत यायचा. कवच फाटलं, एक कोपरा दबला, पण बटण दाबल्यावर आतून खणखणीत आवाज आला, चला किनवट, किनवट!

‘हा दे,’ बाई धापा टाकत म्हणाल्या. ‘आन ह्यात रेडिओ दिसतोय, तो तोडून टाक.’

‘पण बाई, एवढं दणकट कशाला हवंय?’

‘लागंल,’ एवढंच म्हणाल्या.

बटणं कळत नाहीत म्हणून त्यांनी मलाही सोबत घेतलं. लातूरहून नांदेडला एसटीनं, नांदेडहून किनवटच्या गाडीनं. पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि गाडी हलली की बत्ता प्लेयरवर आपटायचा. ‘हा कशाला आणला?’ मी विचारलं. त्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. दोघींतली कोण कोणाला मारेल, याचा काही नेम नव्हता.

इस्लापूरजवळच्या गावात घर सापडलं. रेणुकाची आई बाईंची पट्टी बघून पाया पडायलाच वाकली. ‘पोलिसात नका देऊ, बाई, एकुलती एक हाय.’ बाईंनी तिला धरून उभं केलं. ‘जिन्यावरनं पडले मी,’ म्हणाल्या. ‘पोरगी कुठं हाय?’

रेणुका दारात येऊन उभी राहिली. बाईंनी प्लेयर पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही.

‘ठेवा,’ ती म्हणाली. अगदी बाईंच्याच सुरात.

बाईंनी तो ओट्यावर ठेवला.

‘माझा बाप फोडला आन हे डबडं घेऊन आल्या? गाणी ऐकू का आता?’

मला सांगायचं होतं, पोरी, त्यात तुझे वडीलच आहेत. बाईंनी माझं मनगट दाबलं. मग पिशवीतून बत्ता काढला आणि प्लेयरशेजारी ठेवला.

‘माझं हाड अजून जुळून राहिलंय. मला नको मारू. ह्याला मार.’

रेणुकानं बत्ता उचलला. क्षणभर ती बाईंच्या कपाळाकडे बघत होती, आणि बाई जागच्या हलल्या नाहीत. मग ती प्लेयरवर तुटून पडली. काय मारत होती ती! ओट्याचे टवके उडाले, कोंबड्या भिंतीवर चढल्या, शेजारीपाजारी धावत आले. ती रडत होती, शिव्या देत होती, घाटाला, जीपला, देवाला, बाईंना. बाई उभ्या राहून म्हणत होत्या, ‘मार. अजून मार. फुटायचं न्हाई ते, मी बघून आणलंय.’

हात चालेनासे झाले तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसली.

‘झालं? का अजून हाय?’ बाईंनी विचारलं. तिनं बत्ता सोडून दिला. ‘भाई, लाव.’

रबर लोंबत होतं, जाळी आत गेली होती. मी मनातल्या मनात दुआ मागितली आणि बटण दाबलं.

‘चला किनवट, किनवट! माहूर, माहूर, माहूर!’

रेणुकाची आई दाराची चौकट धरून खाली बसली. रेणुका गुडघ्यांवर रांगत ओट्यापाशी आली आणि तिनं जाळीला कान लावला. ‘ठेव तो फोन. अभ्यासाला बस,’ आतून आवाज आला. बाई शेजारी बसल्या आणि त्यांनी चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला. ‘चुकले मी, रेणे,’ म्हणाल्या. ‘ऐकायला पायजे व्हतं.’ निघताना एवढंच सांगितलं, ‘तुझी कॉट मोकळी ठेवलीय.’

बत्ता तिथेच राहिला. रेणुकाची आई आता त्यानं तिखट कुटते.

रेणुका परत आली. रोज पहाटे तिसऱ्या मजल्यावरून किनवटच्या जीपची हाळी यायची आणि अख्खं हॉस्टेल उठायचं. बाई थाप मारून ‘ठेव’ म्हणायच्या, सवयीनं हात खुर्चीखाली जायचा, तिथे काही नसायचं, मग चिडून फोन कपाटात कोंबायच्या. पण आधी विचारायच्या, ‘काय हाय गं ह्यात? ऐकव.’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, पोरी गावी गेलेल्या असताना, बाई त्याच खुर्चीत बसल्या जागी गेल्या. नव्या रेक्टरना नवं टेबल हवं होतं, म्हणून जुनं मी दुकानात उचलून आणलं. त्याला खळगेच खळगे आहेत. दुरुस्ती करताना सांडलेले स्क्रू घरंगळत त्यांत जाऊन बसतात. तीन घावांचा एक खळगा मात्र सगळ्यांत खोल आहे. बाई त्यावर पाण्याचा तांब्या ठेवून तो झाकायच्या, म्हणून मीही ठेवतो.

रेणुका आता नांदेडला डॉक्टरकी शिकते. परवा आली होती. तिनं तांब्या उचलला, पाणी प्यायली, खळग्यावरून एकदा बोट फिरवलं. मग तांब्या पुन्हा होता तिथेच ठेवला.