दाराच्या आतलं नाव

हे लिहायला मी बसलो आहे, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढीच माझी ओळख. शिवाय ही हकिगत माझी नाहीच, बाबांची आहे. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कशाला उगाच. म्हणून विचारलं नाही. कुठे शब्द चुकला तर तो माझा समजावा. कुठे राग दिसला तर तोही माझाच. बाबांना राग येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

बाबा डेंटर होते, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे. रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची शेड होती. समुद्राच्या वाऱ्याने आमच्याकडच्या गाड्या खालून कुजतात, त्यामुळे डेंटरला कामाची वानवा नसते. बहुतेक जण कुजलेल्या जागी लांबी भरतात. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा. वाळला की घट्ट होतो, घासून वर रंग मारला की कोणाला काही कळत नाही. एक पावसाळा गेला की लांबी फुगते आणि खपलीसारखी निघून येते. बाबा लांबीला हात लावत नसत. कुजका पत्रा कापायचा, त्याच्या जागी नवा ठोकून बसवायचा, ही त्यांची पद्धत. साहजिकच त्यांच्याकडे गाडी पडून राहायची आणि घाईचं गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जायचं. आई म्हणायची, "सगळं जग लांबीवर चाललंय, नि ह्यांचा पत्रा काय संपत नाय."

ही पत्रा ठोकण्याची सवय आजोबांकडून आली असावी. आजोबा कल्हई करायचे आणि लग्नसराईत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, सप्रेम भेट. आजोबांना वाचता येत नव्हतं. दुकानदार खडूने अक्षरं काढून द्यायचा आणि आजोबा त्या रेघेवरून छिन्नीने ठिपके मारत जायचे. आमच्या तालुक्यातल्या किती घरांच्या फडताळात आजोबांचे ठिपके आहेत कोण जाणे. त्यात त्यांचं स्वतःचं नाव एकावरही नाही.

मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पावस गावच्या कप्तानांनी बाबांना बोलावून घेतलं. कप्तान म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेले, मोठ्या आंबाबागेचे मालक. त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा गोदामातून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. दोन माणसांची, बसकी, उघड्या टपाची. तिला गाडी म्हणायला धीर लागत होता. दरवाजांचे खालचे काठ हाताने मोडत होते, मडगार्डांची जाळी झाली होती. कप्तानांना ती मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची होती. इंजिनाला पुण्याहून माणूस येणार होता. बॉडी बाबांनी करायची, तीही पावसला, त्यांच्या आंब्याच्या शेडमध्ये.

बाबा रोज सकाळच्या एसटीने पावसला जाऊ लागले. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मीही जायचो. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर सपाट पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ते त्याला पोट आणायचे. ती वाळू भाट्याच्या किनाऱ्यावरची नको, खारी असते, म्हणून त्यांनी नदीची आणून धुऊन वाळवली होती. तुकडा बसला की त्यावर रॉकेलचा बोळा फिरवायचे आणि खाली बसून तिरपं बघायचे. ओल्या पत्र्यावर उजेडाची रेघ सरळ धावली तर ठीक, कुठे थरथरली तर परत ठोकायचं. घरी निघताना सगळ्या उघड्या पत्र्याला तेल पुसायचे, नाहीतर सकाळपर्यंत गंज धरायचा. आंब्याचा हंगाम आला तेव्हा पेट्यांना जागा हवी म्हणून गाडी घरापुढच्या खळ्यात आणली गेली आणि बाबा ताडपत्रीखाली काम करत राहिले. बागेतले गडी चेष्टा करायचे. "मिस्त्री, पोरगी पावसात भिजंल, छत्री धरा." बाबा हसायचे.

डाव्या दरवाजाचं काम उरकत आलं होतं, त्या दिवशी मी तिथे होतो. कप्तान चहा घेऊन बघायला आले आणि बाबा नुसतेच फडकं चुरगाळत उभे राहिले.

"काय रे मिस्त्री, मघापासून घोटाळतोयस. बोल की."

"साहेब, दाराच्या आत, जिथं गादीची पट्टी लागंल ना, तिथं कोणाच्या नजरंला पडणार नाय असं... नाव घातलं तर चालंल काय?"

"कोणाचं? माझं?"

"नाय. माझं."

कप्तान हसले. "घाल की. आता तिच्यात तुझाच पत्रा जास्त आहे."

आमच्याकडे मोठा माणूस 'बघू' म्हणाला की ते काम होणार नाही, असं समजून उठायचं असतं. असली 'बघू' ऐकून बाबा जन्मभर मुकाट्याने परत फिरले होते. पण कप्तान 'बघू' म्हणाले नव्हते. 'घाल की' म्हणाले होते. बाबांनी तो शब्द धरला.

घरी आईला हे पटलं नाही. "भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, नायतर घेणाऱ्याचं. ठोकणाऱ्याचं कधी कोणी घातलंय? तुमच्या बापाशीनं घातलंन काय कधी?" बाबा जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी आजोबांची छिन्नी ट्रंकेतून काढून त्यांनी पिशवीत टाकली.

खडूने अक्षरं मी काढली. बाबांची शाळा चौथीत सुटली होती आणि स्वतःचं नाव लिहिताना त्यांचा हात अवघडायचा. दरवाजाच्या आतल्या जाड पत्र्यावर त्यांनी ठिपके मारले, बाहेरच्या पत्र्याला एकही उठाव येणार नाही इतक्या बेताने. पूर्ण नाव, आणि खाली रत्नागिरी. मग त्यावरही तेलाचं फडकं फिरवलं, तितक्याच बेताने, वेगळं काही नाही.

रंगासाठी गाडी पुण्याला गेली. भट्टीत रंग वाळवायची सोय इथे नव्हती. ती परत आली तेव्हा गडद लाल होती आणि कप्तानांनी मुंबईला नेण्याआधी ओळखीच्या लोकांना पावसला बोलावलं. आम्हालाही निरोप होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पाहुणे मंडळी मडगार्डवरून हात फिरवत होती, कुठे काही लागत नव्हतं. त्यातल्या एकाने विचारलं, बॉडी कोणाकडून केली. बाबा माझ्या पुढे, हाकेच्या अंतरावर उभे होते.

"इथलीच माणसं हाताशी धरली," कप्तान म्हणाले. "मागे उभं राहिलं की करतात."

पाहुणे हसले. बाबाही हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही. एसटीत मी कप्तानांबद्दल काहीबाही बोललो, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आत नाव हाय ना. मग तोंडानं सांगायची काय गरज?"

पुढे त्यांनी तेवढंच धरून ठेवलं. गाडीला मुंबईत बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात कप्तानांचा फोटो आला, त्यात बाबांबद्दल अवाक्षर नव्हतं. बाबांनी तो फोटो शेडमध्ये चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यातल्या डाव्या दरवाजावर बोट ठेवून सांगू लागले, ह्याच्या आत माझं नाव हाय. चहाच्या टपरीवर हा विषय झाला. पुढच्या गॅरेजवाला म्हणायचा, "आमचं नाव बाहेर बोर्डावर, मिस्त्रींचं दारात. बघायचं तर गाडी खोलायला हवी." बाबा म्हणायचे, "खोल की. तुला खोलता तरी येते काय?" टपरी हसायची. त्या दिवसांत बाबांची मान जरा ताठ असायची, हे मी नाकारणार नाही. गिऱ्हाईक मात्र तसंच पुढे जात राहिलं.

मग त्यांची बोटं बधिर होऊ लागली. आयुष्यभर हातोड्याचे हादरे घेतलेल्या हातांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मोगरी हातातून निसटायला लागली तेव्हा त्यांनी शेड सोडली. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी एम. ए.साठी पुण्याला आलो. बाबा फोनवर दुसरं काही मागत नसत. एवढंच विचारत, की कप्तानांची गाडी कधी तिकडे आली तर बघ, पट्टीचे दोन स्क्रू काढू देतात काय विचार, आणि त्या नावाचा एक फोटो काढून पाठव. मारलेले ठिपके त्यांना परत बघायचे होते. रंग झाल्यापासून त्यांनी ते पाहिलेच नव्हते.

मी कप्तानांना फोन केला. भीत भीत, पण केला. त्यांनी माझ्या शिक्षणाची चौकशी केली, शाबास म्हणाले. मग मी फोटोचं काढलं.

"बघू," ते म्हणाले.

बाबांना मी खोटंच सांगितलं की गाडी मुंबईला त्यांच्या मुलाकडे आहे, वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे. घाई नाय.

यंदा शिमग्याला घरी आलो तेव्हा रत्नागिरी स्टँडवर कप्तानांचे जुने ड्रायव्हर भेटले. आमच्याच वाडीचे, मी त्यांना काका म्हणतो. कप्तानांची नोकरी त्यांनी सोडली होती, पालखीसाठी गावी निघाले होते. एसटी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्यांनी बाबांच्या हाताची विचारपूस केली. मी फोटोची गोष्ट काढली, म्हटलं, काका, तुमच्या ओळखीने जमेल का. ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले.

"बापाशीस सांगू नको," ते म्हणाले. "तुमचं नाव त्या दारात नाय. पुण्याला ट्रकातून उतरवली त्याच दिवशी काढलं. मी समोर उभा व्हतो. परीक्षक पट्टी काढून बघतात म्हणं, मूळच्या गाडीत नसलेलं काय दिसलं की गुण कापतात. साहेबांनी ग्राइंडर मारायला लावला. तेवढा पत्रा खोल गेला, मग रंगवाल्यानं वरनं लांबी भरलीन."