वीत आणि चार बोटं

गणित आपल्याला सोडून गेलं की काय, या भीतीनं त्या दिवशी मला पार घेरलं होतं. मी गणितातली बी.एस्सी., पण लग्नानंतरची अकरा वर्षं दादरला सासूबाईंच्या फुलांच्या गाळ्यावर हार ओवण्यात गेली. परळच्या एका क्लासला अकरावीसाठी गणिताच्या बाई हव्यात असं कळलं, तेव्हा मी विचार न करता फोन केला. विचार केला असता तर केलाच नसता. तिथले सर म्हणाले, "उद्या डेमो द्या. दोन रेषा एकमेकींना लंब आहेत का, हे तपासायला शिकवा."

दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर दोन समीकरणं लिहिली: 2x − y + 3 = 0 आणि x + 2y − 6 = 0. पहिल्या रेषेचा चढ 2, दुसरीचा −1/2. गुणाकार −1, म्हणून रेषा लंब. इथपर्यंत झकास झालं. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण मला हौस फार. म्हटलं, मुलांना काढूनही दाखवू.

फूटपट्टी नव्हती. हातानंच मापं घेऊन अक्षांवर खुणा केल्या, बिंदू मांडले आणि रेषा ओढल्या. मागे सरून बघते तर काय, रेषा अर्धवट उघडलेल्या कात्रीसारख्या दिसत होत्या.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा काटकोन वाटत नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. मलाही तो वाटत नव्हता. मागे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. वाटलं, संपलं, आता गुमान फुलांकडे परत. चढ पुन्हा काढले. तेच आले. मग म्हटलं, दुसऱ्या वाटेनं जाऊन बघू. रेषा जिथे छेदतात तो बिंदू (0, 3). पहिल्या रेषेवर (1, 5) घेतला, दुसरीवर (2, 2). अंतरांचे वर्ग काढले: छेदबिंदूपासून एकाचा 5, दुसऱ्याचाही 5 आणि त्या दोन बिंदूंमधल्या अंतराचा 10. पाच आणि पाच दहा. पायथागोरसही काटकोनच म्हणत होता.

म्हणजे गणित बरोबर होतं, चूक चित्रात होती. मी अक्षांवरच्या खुणांकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे. आडव्या अक्षावर एकेक वीत सोडून खुणा होत्या, उभ्यावर चार-चार बोटांवर. आमच्या गाळ्यावर हाराची लांबी वितीनं मोजतात आणि जाडी बोटांनी. अकरा वर्षं तेच करणाऱ्या हातानं इथेही मला न विचारता तेच केलं होतं.

मी मुलांना खरं ते सांगून टाकलं. "चूक माझी आहे. दोन अक्षांना दोन मापं लावली की काटकोन डोळ्यांना दिसत नाही. आकडे मात्र फसत नाहीत." मग सगळं पुसून दोन्ही अक्ष चार-चार बोटांनी आखले आणि रेषा पुन्हा ओढल्या. त्या मुलीला तिची वही आणायला सांगितली. वहीचा कोपरा दोन रेषांच्या मध्ये चपखल बसला. ती हसली, मीही हसले, आणि तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

तास संपल्यावर सर म्हणाले, "सोमवारपासून या. आणि फूटपट्टी घेऊन या."

तिथून थेट गाळ्यावर आले. सासूबाई झेंडू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच त्यांच्या मालवणीत विचारलं, "काय झाला?"

"सोमवारपासून बोलावलंय," मी म्हणाले. सवयीनं सुई-दोरा हातात घेतला आणि मला रडूच आलं.

"मगे रडतंस कित्याक गो?"

"आई, मला अजून येतं गणित. मला वाटलं होतं, गेलं."

"जातला खंय ता?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला सुई-दोरा काढून घेतला.