ओटीच्या आधी दवाखाना

मुलांनो, तुमच्यातली धाकटी पोटात असताना तुमची आई भोंगवलीला सासरी होती. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला मी गेले, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "आई, कालपासून सारखं ओलं होतंय. सासूबाई म्हणतात, लघवी सुटते."

मी तिला धुतलेल्या पांढऱ्या कापडाची घडी दिली. तासाभरात ती भिजली, पण लघवीचा वास नव्हता. गर्भपिशवीतलं पाणी जातंय, आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं, असं मी तुमच्या दुसऱ्या आजींना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ओटी भरल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. बाया जमल्यात. तुमचं दवाखान्याचं शानपन तुमच्या घरी."

"ओटी भराल हो, पोटातल्याचं काय?" मी म्हटलं आणि सगळ्या बायकांसमोरून लेकीला गाडीत घातलं.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पाण्याची पिशवी फुटली आहे. अजून उशीर झाला असता तर आत जंतू शिरले असते. लगेच अँटिबायोटिक आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभर तुमच्या आईला तिथेच झोपवून ठेवलं, मग धाकटी जन्मली.

विहीणबाई बारशाला आल्या. "लई बारकी हाय की पोर," म्हणत त्यांनी हात पुढे केले.

"जिवंत आहे ना, तेवढं पुरे," मी म्हटलं आणि पोरीला त्यांच्या हातात दिलं नाही.