वाक पुढे

आठवीत असताना माझ्याबद्दल घरात एकमत होतं: कार्टी आळशी आहे, पोक काढून उभी राहते. आम्ही पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्याच तपासणी विभागात. दिवसभर लोखंडी दांडे सरळ आहेत का ते बघायचे आणि उरलेली तपासणी घरी येऊन माझ्यावर करायचे. 'सरळ उभी राहा' हे त्या वर्षी माझं नावच पडलं होतं.

दुखत तर काहीच नव्हतं. उजवा खांदा जरा वर, डावा खाली, एवढंच. ओढणी एकाच बाजूनं घसरायची, स्कर्ट एका बाजूला वर चढायचा. आई टेलर मास्टरजींशी जाऊन भांडली. बिचाऱ्यानं उसवून पुन्हा शिवला, तरी तिरकाच. मग दोष दप्तरावर गेला, मग मोबाइलवर. मोबाइल आमच्या घरात पावसालाही जबाबदार असायचा. शेजारच्या आंटींनी योगा सुचवला. त्यांना स्वतःला पायातली चप्पल दिसत नव्हती, ते सोडा.

मी आरशासमोर दात-ओठ खाऊन खांदे सारखे करायची. श्वास सोडला की पुन्हा तेच. असा संताप यायचा! हळूहळू मलाच वाटायला लागलं, आपण मुद्दाम करत असू.

नरक चतुर्दशीला आईनं पहाटे पाटावर बसवलं. मोठी झाल्यापासून मी पाठीला तेल लावू देत नसे, पण त्या दिवशी अर्धवट झोपेत होते, तिचं फावलं. वाक पुढे, म्हणाली. वाकले. तिचा हात पाठीवरून खाली आला, थांबला, पुन्हा वर गेला. उजवी बाजू डावीपेक्षा उंच फुगून आली होती. तिनं उभं केलं, पुन्हा वाकवलं. मग उटणं न लावताच आंघोळ घातली. एरवी ती उटण्याशिवाय सोडणारी नव्हे.

दिवाळी संपल्यावर डॉक्टरांनीही तेच केलं. वाक पुढे. फक्त तेल नव्हतं. एक्स-रे काढला. कणा बाजूला वळतोय, म्हणाले, वाढत्या वयात होतं असं. दप्तराचा, मोबाइलचा, पोक काढण्याचा संबंध नाही. अजून उंची वाढतेय तोवर पाठीला पट्टा लावू, वळण वाढू नये म्हणून.

बाबा एक्स-रे खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग आईला म्हणाले, "अगं, ही सरळच उभी राहत होती."

मी तिथेच भोकाड पसरलं. डॉक्टरांना वाटलं, पट्ट्याला घाबरली.