झाकणाच्या आतली हळद

आमच्या विद्यापीठाचं एक पाक्षिक निघायचं. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर ‘नवं संशोधन’ असं सदर असे. फुटबॉलची पानं भरून झाल्यावर जागा उरली, तर ते छापत. तरी आमचे प्राध्यापक पाक्षिक हातात आलं की आधी तेच पान काढत, आपलं नाव नाही याची खात्री करत आणि मग ते सँडविचखाली पसरत. प्रयोगशाळेत खायला बंदी होती. बंदीचा कागद त्यांनीच टाइप करून दारावर चिकटवला होता, आणि ती बंदी मोडणारेही ते एकटेच होते.

मी त्यांच्या हाताखाली पगारावर काम करणारा विद्यार्थी; ती जागा दर वर्षी त्यांच्या सहीने मिळायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तो एकदम ओहायोपर्यंत. वडील इचलकरंजीत यंत्रमागांचे जॉबर होते, म्हणजे माग अडला की तो पुन्हा चालता करणारा माणूस. मी नक्की काय शिकतो हे त्यांना पत्रातून समजावण्याचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. शेवटी लिहिलं, की माझ्याकडे एक मशीन आहे, ते तळ्याच्या पाण्यात तेलाचा अंश किती आहे ते सांगतं. त्यांना ‘मशीन’ एवढं पुरलं. पुढच्या एअरोग्राममध्ये त्यांनी लिहिलं, ‘खंडेनवमीला मशीनची पूजा चुकवू नकोस.’

आता हे कसं सांगावं कळत नाही, पण मला ते मनापासून पटलं. दीड वर्ष आम्ही तळ्याचं पाणी आणत होतो, त्यातला अर्क अल्कोहोलमध्ये उतरवत होतो, काचेच्या चौकोनी नळीत भरून मशीनमध्ये ठेवत होतो. आत दिवा लागायचा. अर्कात चमकणारं काही असलं, तर बाहेर कागदावर पेन चढ काढायचं. आमचं पेन सरळ रेघ मारत सुटायचं. अशा मशीनला पूजेची गरज नाही, तर कुणाला?

कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या एका काकूंनी मला कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोन रिकाम्या डब्यांत हळद आणि कुंकू दिलं. त्या दर सणाला आम्हा विद्यार्थ्यांना जेवायला बोलवत. खंडेनवमीच्या सकाळी मी प्रयोगशाळेत लवकर गेलो. रोजच्याप्रमाणे आधी नुसत्या अल्कोहोलचं माप घेतलं. रेघ सरळ आली. मग बोट ओलं करून हळद-कुंकू लावायला पुढे झालो आणि थबकलो. कुणी पाहिलं तर? प्राध्यापकांनी विचारलं तर काय सांगू? म्हणून मी नळी ठेवायच्या कप्प्याचं झाकण उचललं आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, हळद-कुंकू लावलं. हात जोडले. वर, हळद जरा जास्त झाली असं वाटून ती अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घेतली. पुसली कसली, चांगली सारवली.

त्या दिवशी दुपारी पेन चढलं. छोटंमोठं नाही, चांगली टेकडी. तेल असतं तर जिथे दिसलं असतं तिथे नाही, बरीच पुढे, जिथे काही असण्याचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर जे पाणी घालावं त्यात टेकडी. नुसत्या अल्कोहोलचं माप रोज घ्यायचं असतं, पण एवढा आनंद चालू असताना ते कोण घेतं? मी जुनाच कागद वापरत राहिलो.

प्राध्यापकांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. तळ्यातलं शेवाळ आजवर कुणाला न सापडलेला पदार्थ पाण्यात सोडतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. कागद घेऊन ते मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत फिरले, जिन्याखाली झाडू ठेवायच्या खोलीतसुद्धा. पाक्षिकातलं ते सदर लिहिणाऱ्या बाईंना त्यांनी फोन केला. त्या शुक्रवारी फोटोग्राफर घेऊन येणार होत्या. “फोटोत तूही उभा राहा,” प्राध्यापक मला म्हणाले, “आणि पुढच्या वर्षीची तुझी जागा पक्की समज.” मी लगेच वडिलांना पत्र टाकलं, की पूजा केली, कुणाला दिसू नये म्हणून झाकणाच्या आत केली, आणि मशीन फार छान चालतंय.

गुरुवारी फोटोसाठी मशीन साफ करताना म्हटलं, नुसत्या अल्कोहोलचंही एक ताजं माप असू द्यावं. घातलं. पेन चढलं. नवी नळी काढून पुन्हा घातलं. पुन्हा तीच टेकडी, शेवाळाशिवाय, तळ्याशिवाय. मी झाकण उचललं, आतून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. नखाची कड पिवळी झाली होती.

संध्याकाळी मी हे सगळं रूममेटला सांगितलं. तो नागपूरचा. आधी तो हसून हसून जमिनीवर बसला.

“काय बे, शेवाळाला हळद लावली तू! लग्न लावून दे आता त्याचं.”

“यार, उद्या फोटो आहे.”

“मग? तुझा तो सर मशीनपाशी सँडविच खातो ना रोज?” त्याने फ्रिजमधून मस्टर्डची, म्हणजे सँडविचला लावायच्या मोहरीच्या सॉसची, बाटली काढून माझ्यासमोर धरली. “वाच. काय काय घातलंय ते वाच.”

बाटलीवर बारीक अक्षरांत हळद लिहिली होती.

“झालं तर. त्याचीच हळद, त्याचीच चूक. तू फक्त दाखवायचं, की सर, नुसत्या अल्कोहोलमध्येबी टेकडी येते. बाकी तो स्वतःच समजेल. तुझी जागा सलामत.”

मला हे सुचलं नसतं. सुचल्यावर मात्र ते फार सोयीचं वाटलं, हे मी कबूल करतो.

शुक्रवारी सकाळी, बाई यायच्या तासभर आधी, मी नुसत्या अल्कोहोलचा तो कागद प्राध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ तो पाहिला. मग सावकाश हातातल्या सँडविचकडे पाहिलं. त्यातून पिवळं मस्टर्ड ओघळत होतं.

“यात हळद असते,” ते म्हणाले. “हळद चमकते. अरे देवा. मीच केलं हे.”

ते इतके खचलेले दिसले, की मी एक मिनिट नुसता उभा राहिलो. ते मिनिट मला अजून आठवतं. काही न बोलता माझं सगळं जमणार होतं.

“नाही सर,” मी म्हणालो. “हळद आहे, पण तुमची नाही. माझी आहे.”

“तूही मस्टर्ड खातोस?”

“नाही सर. मी मशीनची पूजा केली.”

“काय केली?”

“वर्षातून एकदा करतात. कामाच्या वस्तूला हळद आणि लाल कुंकू लावतात.”

“का?”

“ती नीट चालावी म्हणून.”

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. “आणि ती चालली?”

“नाही सर. म्हणजे... चालली. फारच चालली.”

“ती हळद आहे तुझ्याकडे?”

मी खिशातून फिल्मची डबी काढली. त्यांनी चिमूटभर हळद अल्कोहोलात टाकली, स्वतः माप घेतलं आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. टेकडीवर टेकडी अशी बसली, की खाली दुसरा कागद आहे हेही कळेना. “दीड वर्षात या खोलीत मिळालेलं हे पहिलं निःसंशय उत्तर,” ते म्हणाले, आणि फोन माझ्याकडे सरकवला. “बाईंना तू सांग.”

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “शेवाळापेक्षा हे कितीतरी छान आहे! पूजेचंच छापू का?” पलीकडच्या खुर्चीतून प्राध्यापक इतक्या जोरात “नाही” म्हणाले, की मला निरोप सांगावा लागला नाही. त्या अंकात आमच्या जागी दुग्धशास्त्र विभागाने काढलेल्या आइस्क्रीमच्या नव्या चवीची बातमी आली. निदान त्यांचं संशोधन खाता येत होतं.

पुढचे तीन आठवडे मी मशीनचा कप्पा खोलून प्रत्येक भाग धूत होतो. माझ्या जागेविषयी ते काहीच बोलले नाहीत. मी विचारलं नाही. बॅग भरायची का, एवढंच रोज मनात यायचं.

मग वडिलांचं उत्तर आलं. त्यांना टेकडीचं, शेवाळाचं, फोटोचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘पूजा केलीस, बरं वाटलं. पण हळद आतून कशाला लावलीस? मागाला हळद बाहेरच्या बाजूला लावतात. सूत जिथून जातं तिथे लावली तर कापडाला डाग पडतो. हे तुला सांगायला हवं होतं होय? आणि लपवायचं काय त्यात?’

मी पत्र घेऊन प्राध्यापकांकडे गेलो आणि एकेक ओळ इंग्रजीत वाचून दाखवली. त्यांनी सुताची ओळ पुन्हा वाचायला लावली.

“यांचं शिक्षण किती?”

“चौथी, सर.”

मग त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला, दारावरच्या बंदीच्या कागदाखाली लावायला आणखी एक ओळ टाइप केली आणि मला चिकटवायला दिली: ‘अर्क जिथून जातो तिथे काहीही लावू नये.’ हातात दिलेल्या त्या कागदाखाली एक फॉर्म होता. माझ्या पुढच्या वर्षाच्या जागेचा. त्यावर त्यांनी सही आधीच केलेली होती. शाई केव्हाच वाळलेली.

पुढच्या खंडेनवमीला मी डबी घेऊन सकाळी गेलो, तर ते माझ्याआधी येऊन मशीनसमोर उभे होते. हातात सँडविच नव्हतं.

“चल,” ते म्हणाले. “पण बाहेरून.”