खवल्या मांजराला दात नसतात

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असले गूढ अनुभव कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलणारा माणूस... म्हणून हे लिहावं की नाही, यातच वर्ष गेलं.

आम्हा चार मित्रांचा एक ग्रुप आहे. अकोल्याचा प्रमोद रोज सकाळी ऑनलाइन विश्वकोशाचं कुठलंही पान उघडतो आणि त्यातली एक गंमतशीर माहिती ग्रुपवर टाकतो. बस, एवढंच.

गेल्या मार्चमधला रविवार. अमरावती, साईनगर, सकाळचे साडेआठ. माझे बाबा, भातकुलीच्या शाळेतून रिटायर झालेले, शुगरचे पेशंट, उठल्यापासून जबडा धरून बसले होते. अकराला डेंटिस्टकडे जायचं ठरलं होतं.

तेवढ्यात प्रमोदचा मेसेज आला. मी सवयीनं मोठ्यानं वाचला– ‘मधुमेही माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. कधी नुसता जबडा दुखतो.’

संगीता, माझी बायको, स्वयंपाकघरातून आली. माझ्या हातातून फोन घेऊन तिनं मेसेज पुन्हा वाचला.

बाबा हसले. “मले कायचा अटॅक? दाढ दुखून राहिली बाप्पा!”

पण कपाळावर घाम होता. मी गाडी काढली.

अटॅकच होता. ईसीजी बघताच डॉक्टरांनी त्यांना आत नेलं. “अकरापर्यंत थांबले असते तर...” डॉक्टर नंतर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले, तेव्हा मी प्रमोदला फोन केला.

“तुह्या मेसेजनं बाबा वाचले लेका.”

“कोन्त्या मेसेजनं?”

“अबे, रविवारचा. जबड्याचा.”

“रविवारी तं मी खवल्या मांजराचं टाकलं होतं. त्याले दात नसतात म्हनून.”

थट्टा वाटली. ग्रुप उघडला. रविवार, आठ एकतीस... खवल्या मांजर. खाली दुसऱ्या मित्राचं उत्तर, ‘मंग खाते कसं?’ त्या सकाळचा दुसरा मेसेजच नाही.

आधी कुठेतरी वाचलेलं मला ऐनवेळी आठवलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण संगीता? “मी माझ्या डोळ्यांनी वाचलं,” ती म्हणते, “जबडा लिहिलं होतं.” दोघांना एकच भास, तोही शब्दन् शब्द?

प्रमोद अजूनही रोज माहिती टाकतो. मी वाचतो, आणि फोन संगीतापुढे धरतो.

“तुलेही हेच दिसून राहिलं ना?”


ती नीट वाचते. मग होकारार्थी मान हलवते.