डॉक्टरबाईंपुढं बिडी

मी बिडी ओढायचे. सांगवीला माहेरी मेंढरांमागं फिरताना सवय लागली, ती कन्हेरीला सासरी आल्यावर उसाच्या बांधाआड बसून चालू ठेवली. चाळिशी उलटली, तीन पोरं झाली, तरी पाळीत पोट असं दुखायचं की भाकरी अर्धी थापून चुलीपुढंच आडवी व्हायचे. त्यात चौथ्यांदा दिवस जातील ही धास्ती. आधी एकदा तांबी बसवली होती. तिनं दुखणं वाढलं, म्हणून काढून टाकली.

धाकट्या जावेला घेऊन बारामतीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज एक गोळी घ्या, दिवसही जाणार नाहीत आणि दुखणंही कमी होईल. मग विचारलं, "बिडी ओढता का?"

शेजारी जाऊ बसलेली. मी म्हणाले, "न्हाय."

"बरंय. ओढणाऱ्या बाईला या वयात ही गोळी देत नाही. रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं."

चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि थांबले. जावेला म्हणाले, "मी बिडी ओढते."

"म्हाईत हाय, अक्का. लुगड्याला वास येतो."

"मग आत का बोलली न्हाईस?"

"तुमी मोठ्या. तुमी न्हाय म्हणल्यावर मी व्हय कसं म्हणू?"

राग आला. पण तिच्या जागी मीही गप्पच बसले असते. माझा मान राखायला ती मला गोळी खाऊ देणार होती, आणि त्याच मानासाठी मी खाणार होते.

परत आत गेलो. "बाई, मघाशी खोटं बोलले. दिवसाला दहा ओढते."

"कुणाला भ्यालात?"

"हिला."

डॉक्टरबाई हसल्या, मग नीट समजावलं. ऑपरेशननं पोरं थांबतील, दुखणं नाही. औषधाची तांबी असते, तिनं दुखणं कमी होतं. नाहीतर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. तांबी म्हटल्यावर मला पहिली आठवली. मी इंजेक्शन घेतलं. पुढं काही महिने अधूनमधून डाग पडले, मग पाळीच थांबली आणि दुखणंही. बिडी सुटायला मात्र बरीच वर्षं लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी एसटीत मी जावेला बजावलं, "दवाखान्यात पुन्हा माझा मान ठेवायचा न्हाय."

ती म्हणाली, "मग तुमच्या मिश्रीचं सांगायचं राहिलंच की, अक्का."